निवृत्तीनंतरची 48 वर्षे : महर्षी कर्वे

आपल्या धर्मग्रामांतून दरवर्षी अनेक शिक्षक, परिचारिका, कारकून व रेल्वे कर्मचारी सेवानिवृत्त होतात. निरोपसमारंभ होतो, शाल-श्रीफळ मिळते. मात्र दुसऱ्या दिवशी सकाळी डबा घेऊन कोठेही जायचे नसते. अशा बंधुभगिनींना महर्षी धोंडो केशव कर्वे यांच्या उत्तरायुष्याचा परिचय करून द्यावासा वाटतो.

कोकणातील मुरूडच्या या गरीब घरातील मुलाचा जन्म 18 एप्रिल 1858 चा. गोपाळ कृष्ण गोखले यांच्या निमंत्रणावरून 1891 साली अण्णा पुण्याच्या फर्ग्युसन महाविद्यालयात गणित शिकवू लागले. पहिल्या पत्नीच्या निधनानंतर 1893 मध्ये त्यांनी गोदूबाई या विधवेशी विवाह केला आणि गावचा बहिष्कार सोसला. 1896 साली त्यांनी विधवांसाठी आश्रम काढला. पुढे तो पुण्याबाहेर हिंगण्यास गेला. दिवसा महाविद्यालयात अध्यापन आणि संध्याकाळी पायी हिंगण्याची वाट, असा क्रम त्यांनी वर्षानुवर्षे पाळला. निवृत्तीनंतरचे काम त्यांनी नोकरीत असतानाच हाती घेतले होते, हे आपण ध्यानात घेतले पाहिजे.

1914 साली वयाच्या 56 व्या वर्षी ते निवृत्त झाले. 1915 मध्ये त्यांनी आत्मचरित्रही लिहून प्रसिद्ध केले. आयुष्याचा हिशेब पूर्ण झाला, असे कोणालाही वाटले असते. त्याच सुमारास जपानमधील महिला विद्यापीठाची माहिती देणारी पुस्तिका त्यांच्या हाती आली. त्याच वर्षाच्या अखेरीस मुंबईच्या सामाजिक परिषदेत अध्यक्षपदावरून त्यांनी महिला विद्यापीठाची कल्पना मांडली आणि 1916 मध्ये मूठभर विद्यार्थिनींसह ते सुरूही केले. जवळ पैसा नव्हता, वक्तृत्वही बेताचे. तरीही स्वभावाने संकोची असलेला हा प्राध्यापक गावोगाव झोळी घेऊन हिंडला. 1920 साली सर विठ्ठलदास ठाकरसी यांनी 15 लाखांची देणगी दिली, तरी अण्णांची भ्रमंती थांबली नाही. 1929 मध्ये, सत्तरी उलटल्यावर, ते युरोप व अमेरिकेस गेले आणि त्यानंतर आफ्रिकेसही.

या व्रताची किंमत घरानेही मोजली. गोदूबाई, म्हणजेच आनंदीबाई, संसाराची ओढाताण सोसून स्वतःही आश्रमासाठी वर्गणी गोळा करीत. पतीची कीर्ती वाढत होती. घरखर्चाची विवंचना मात्र त्यांच्याच वाट्यास होती. चरित्रकार यावर थोडेच थांबतात. 1950 साली त्यांचे निधन झाले.

विद्यापीठाची घडी बसल्यावर अण्णांनी कारभार इतरांच्या हाती राहू दिला आणि स्वतः नवे काम शोधले. 1936 साली, 78 व्या वर्षी, शाळा नसलेल्या खेड्यांसाठी त्यांनी महाराष्ट्र ग्राम प्राथमिक शिक्षण मंडळ स्थापन केले. 1944 मध्ये जातिभेद निवारणासाठी समता संघ काढला. तेव्हा ते 86 वर्षांचे होते. 1958 साली, शंभराव्या वर्षी, त्यांना भारतरत्न देण्यात आले. 9 नोव्हेंबर 1962 रोजी पुण्यात त्यांनी देह ठेवला. फर्ग्युसनमधील त्यांची नोकरी 23 वर्षांची होती.