म्हसवडच्या बायकांना ज्या कायद्याने लायसन्स मागितलं, तो कायदा सी. डी. देशमुखांच्या काळातला

साताऱ्याच्या माण तालुक्यातलं म्हसवड. कायमचा दुष्काळी टापू. १९९० च्या दशकात इथल्या बायकांनी स्वतःची बँक काढायचं ठरवलं आणि रिझर्व्ह बँकेकडे अर्ज केला. अर्ज नामंजूर झाला, कारण सभासद बायकांना लिहिता-वाचता येत नव्हतं. बायका अक्षरं गिरवून पुन्हा गेल्या, व्याजाचा हिशोब तोंडी करून दाखवायची तयारी ठेवली. १९९७ मध्ये माणदेशी महिला सहकारी बँक उभी राहिली.

पण पैसा आपला, गाव आपलं, मग परवानगी कशाला? तर त्यामागे आहे १९४९ चा बँकिंग कायदा. तो आला तेव्हा रिझर्व्ह बँकेचे गव्हर्नर होते चिंतामणराव द्वारकानाथ देशमुख.

जन्म १४ जानेवारी १८९६, रायगडाच्या पायथ्याजवळचं नाते गाव. मॅट्रिकला पहिले, पुढे केंब्रिजला वनस्पतीशास्त्र, १९१८ च्या आयसीएस परीक्षेत पुन्हा पहिले. १९४३ मध्ये ते रिझर्व्ह बँकेचे पहिले भारतीय गव्हर्नर झाले.

गंमत म्हणजे ही रिझर्व्ह बँकच तेव्हा खासगी भागधारकांच्या मालकीची होती. ५ कोटींचं भांडवल, लोकांकडे शेअर्स. बँक ऑफ इंग्लंडही तशीच. ब्रिटनने ती १९४६ मध्ये सरकारी केली, भारताने १ जानेवारी १९४९ ला. अमेरिकेने मात्र तो रस्ता धरला नाही. तिथल्या फेडरल रिझर्व्हच्या १२ प्रादेशिक बँकांचे शेअर्स आजही सदस्य बँकांकडेच असतात, फक्त ते बाजारात विकता येत नाहीत.

त्याच वर्षी मार्चमध्ये बँकिंग कायदा लागू झाला. बँक बुडाली की ठेवीदार रस्त्यावर यायचा, म्हणून लायसन्स सक्तीचं झालं. कितीही शेअर्स घ्या, एका भागधारकाला एकूण मतांच्या ५ टक्क्यांपेक्षा जास्त मतं नाहीत, असंही ठरलं. सहकारी बँका या कायद्याखाली आल्या १९६६ मध्ये, म्हणून म्हसवडचा अर्ज रिझर्व्ह बँकेच्या टेबलावर गेला.

१९५० मध्ये देशमुख अर्थमंत्री झाले आणि खरी लढाई सुरू झाली. तेव्हा देशातल्या बऱ्याच मोठ्या कंपन्या मॅनेजिंग एजंट चालवायचे. भांडवल शेअर्स घेणाऱ्या लोकांचं, कारभार मात्र एका घराण्याच्या किंवा पेढीच्या हातात, तोही करार करून वर्षानुवर्षं. कंपनी तोट्यात गेली तरी एजंटाचं कमिशन सुटायचं नाही. ब्रिटिश व्यापाऱ्यांनी इथे रुजवलेली ही पद्धत देशी घराण्यांनीही उचलली. खुद्द ब्रिटनमध्ये मात्र कंपनी संचालक मंडळच चालवायचं.

संसदेत काहींचं म्हणणं होतं, ही पद्धत मुळातूनच उपटा. देशमुखांनी तसं केलं नाही. त्यांनी मांडलेला नवा कंपनी कायदा १ एप्रिल १९५६ ला लागू झाला. त्यात एजंटाचा मोबदला निव्वळ नफ्याच्या १० टक्क्यांवर अडवला आणि १९६० नंतर एका एजंटाकडे १० पेक्षा जास्त कंपन्या नकोत, असं बंधन आलं. हात जरा आखडताच घेतला, असं म्हणावं लागतं. पण समान शेअरला समान मत हे तत्त्व त्यांनी पक्कं केलं. तेही अशा वर्षी, जेव्हा अमेरिकेत फोर्ड कंपनीने पहिल्यांदा जनतेला शेअर्स विकताना खास वर्गाच्या शेअर्समधून ४० टक्के मतं घराण्याकडेच ठेवली.

मध्ये १९५५ ला इम्पीरियल बँकेची स्टेट बँक झाली, जानेवारी १९५६ मध्ये आयुर्विमा सरकारने ताब्यात घेतला. शेअर बाजारांना लगाम घालणारं विधेयकही संसदेपुढे होतं. पण मुंबई महाराष्ट्राला न देता केंद्रशासित करायचं ठरलं, आणि कुलाब्याचे खासदार असलेल्या देशमुखांनी जुलै १९५६ मध्ये मंत्रिपद सोडलं.

शेअर बाजाराचा तो कायदा सप्टेंबरमध्ये झाला, तेव्हा ते मंत्रिमंडळात नव्हते. मॅनेजिंग एजन्सी शेवटी बंद झाली एप्रिल १९७० मध्ये, आणि ते बघायला देशमुख होते. २ ऑक्टोबर १९८२ ला हैदराबादमध्ये त्यांचं निधन झालं.