झाँ प्रुव्हे : पत्र्याला घडी घालणारा लोहार

मेकॅनिकलच्या पोरांना त्यांचा हिरो कोण म्हणून विचारलं तर उत्तरं ठरलेली असतात. कुणी टेस्ला म्हणतो, कुणी हेन्री फोर्ड. सिव्हिलवाले विश्वेश्वरय्यांचं नाव घेतात. माझा हिरो जरा आडवळणाचा आहे. त्याच्याकडे इंजिनिअरिंगची डिग्री नव्हती आणि आर्किटेक्चरचीही नव्हती. तो शिकला लोहारकाम. पण पुढे त्याने टेबलं केली, खुर्च्या केल्या, दारं केली, अख्खी घरं केली, आणि ज्या स्पर्धेतून पॅरिसचं पाँपिदू सेंटर उभं राहिलं तिच्या परीक्षक मंडळाचा अध्यक्षही तोच होता. त्याचं नाव झाँ प्रुव्हे.

प्रुव्हेचा जन्म ८ एप्रिल १९०१ चा, पॅरिसमधला. वाढला मात्र नाँसी या गावात. हा फ्रान्सचा ईशान्य भाग, म्हणजे लोरेन. लोखंडाच्या खाणी आणि पोलादाचे कारखाने यांचा मुलूख. वडील व्हिक्तोर प्रुव्हे नावाजलेले चित्रकार आणि शिल्पकार, आई पियानो वाजवणारी. कला ही फक्त श्रीमंतांच्या दिवाणखान्यात न राहता कारखान्यातून सगळ्यांच्या घरी गेली पाहिजे, असं मानणाऱ्या कलावंतांची एक चळवळच तेव्हा नाँसीत होती आणि वडील तिचे पुढारी. घरात असं वातावरण, पण पैशांची चणचण. पोराला व्हायचं होतं इंजिनिअर. तेवढ्यात पहिलं महायुद्ध पेटलं आणि ते शिक्षण परवडणार नाही हे उघड झालं.

मग पंधराव्या वर्षी, १९१६ साली, तो पॅरिसजवळ एमिल रोबेअर या लोहाराच्या हाताखाली उमेदवारी करायला लागला. भाता, ऐरण, हातोडा. आपण फर्स्ट इयरला स्मिथी शॉपमध्ये एक जॉब कसाबसा पूर्ण करतो आणि जर्नलवर सही मिळाली की सुटलो म्हणतो. याने अशी पाच वर्षं काढली, दोन उस्तादांकडे मिळून. नंतर सैन्यातली नोकरी संपवून १९२४ साली नाँसीत स्वतःचं वर्कशॉप टाकलं. सुरुवातीची कामं नेहमीचीच होती : नक्षीदार फाटकं, जाळ्या, दिवे, जिन्याचे कठडे.

इथून गोष्ट बदलते. प्रुव्हेने विसाच्या दशकातच इलेक्ट्रिक वेल्डिंगचं मशीन घेतलं आणि पुढे पत्रा वाकवायचा प्रेसही आणला. १९२७ च्या सुमारास पॅरिसमध्ये माले-स्तेव्हन्स नावाच्या आर्किटेक्टच्या एका घरासाठी त्याने प्रवेशदाराचं काम केलं. हळूहळू नक्षी गेली आणि पत्रा आला. लोखंडी दारं, सरकत्या खिडक्या, हलवता येतील अशा भिंती. त्याच्या हातात आता लाल तापवलेली सळई नव्हती, थंड पत्रा होता. आणि या पत्र्याचं गुपित त्याला पक्कं कळलं होतं.

गुपित सोपं आहे. स्टीलची फूटपट्टी घ्या. ती ३० मिमी रुंद आणि १ मिमी जाड आहे असं धरू. आडवी धरून टोकाला बोट लावलं तर लगेच झुकते. तीच उभ्या कडेवर धरा, वाकता वाकत नाही. आपल्या स्ट्रेंथ ऑफ मटेरियल्सच्या सूत्रात आकडे टाकले तर दोन्हींच्या कणखरपणात ९०० पट फरक येतो. स्टील तेवढंच, वजन तेवढंच. पत्र्याला घडी घातली की त्याचा काही भाग असा उभा राहतो आणि पातळ पत्रा भार घ्यायला लागतो. सूत्र आपण पाठ करतो. प्रुव्हेने त्यावर आयुष्य काढलं.

त्याची १९३४ ची खुर्ची बघा. आज ती ‘स्टँडर्ड’ या नावाने ओळखली जाते. पुढचे पाय साध्या बारीक पाइपचे आणि मागचे पाय पत्रा वाकवून केलेले, पोकळ, मध्ये चांगले फुगलेले. असं का? आपण खुर्चीत बसतो, रेलतो, मागे झोके घेतो (लेक्चरला काय करतो ते सगळ्यांना माहीत आहे!), तेव्हा सगळा ताण मागच्या पायांवर आणि बैठकीच्या सांध्यावर येतो. जिथे ताण जास्त तिथे सेक्शन मोठा, बाकी ठिकाणी वायफळ लोखंड नाही. बेंडिंग मोमेंटचा डायग्रामच जणू चार पायांवर उभा केलाय.

त्याच्या टेबलांतही हेच. १९५० च्या आसपासचं ‘ईएम’ टेबल घ्या. पाय तिरके, वाकवलेल्या पत्र्याचे, मध्ये त्यांना जोडणारी आडवी दांडी. ‘कंपास’ नावाच्या टेबलाचे पाय तर आपल्या कंपासपेटीतल्या कंपाससारखेच, वर रुंद आणि खाली निमुळते. भार कुठून कुठे जातो ते टेबल बघूनच कळतं. आणि ही कामं बड्या लोकांच्या बंगल्यांसाठीच नव्हती. १९३० च्या दशकाच्या सुरुवातीला त्याने नाँसीतल्या विद्यार्थ्यांच्या वसतिगृहाचं फर्निचर केलं, पन्नाशीत पॅरिसजवळच्या आंतोनीच्या वसतिगृहाचं. म्हणजे हा माणूस हॉस्टेलवाल्या पोरांसाठी टेबलं करत होता, हे हॉस्टेलवाल्यांनी लक्षात ठेवावं.

आता थोडं आमच्याबद्दल. गेल्या वर्षी आमच्या ग्रुपला प्रोजेक्टच्या खोलीसाठी मोठं टेबल हवं होतं आणि बजेट जवळपास शून्य. भंगारवाल्याकडे पाडलेल्या इमारतीतलं एक लोखंडी दार किलोच्या भावाने मिळालं. लांबी सात फूट, कडांना घडी, मागे आडव्या पट्ट्या. बिजागऱ्या आणि कडी-कोयंडा ग्राइंडरने उडवला. पण दार उभं असतं तेव्हा फक्त स्वतःचं वजन पेलतं. त्याला आडवं केलं की सगळा भार पत्र्याला काटकोनात येतो आणि मध्ये झोळ पडू शकतो. मग पाय लावायचे कुठे? आम्ही कॅल्क्युलेटर घेऊन बसलो. भार सगळीकडे सारखा धरला तर आधार दोन्ही टोकांपासून लांबीच्या ०.२०७ पट आत घ्यायचा, म्हणजे आमच्या दाराला साडेसतरा इंच. असं केलं की सर्वांत मोठा बेंडिंग मोमेंट टोकाला पाय लावण्याच्या तुलनेत साधारण एक षष्ठांशावर येतो. आम्ही खूश होऊन वर्कशॉपमध्ये गेलो, तर वेल्डिंगच्या मामांनी तोवर खडूने खुणा करून ठेवलेल्या. दोन्ही टोकांपासून दोन-दोन विता आत. एक वीत नऊ इंचांची धरा आणि हिशोब करा!

आम्ही मामांना विचारलं की तुम्ही कसं ठरवलं, तर ते म्हणाले की एवढ्या लांब पत्र्याला पाय इथेच मागतात. मग त्यांनी आम्हाला पुढचं शिकवलं. आधी जुना रंग घासून काढायचा आणि तोंडाला चांगला मास्क लावायचा, कारण जुन्या रंगात शिसं असू शकतं आणि जस्ताचा पत्रा असेल तर वेल्डिंगच्या धुराने थंडी वाजून ताप भरतो. सगळीकडे फक्त टॅक मारून गुण्यात बघायचं. मग एक इंच टाका, थोडी जागा सोडायची, नंतर समोरच्या बाजूला एक इंच. सलग वेल्ड ओढली तर उष्णतेने पातळ पत्रा पापडासारखा वळतो. पाय दीड इंची चौकोनी पाइपचे, थोडे तिरके. दार तसंच दिसतं, कडीचं भोकसुद्धा आम्ही ठेवलंय. त्यातून लॅपटॉपची वायर जाते.

हे सांगितलं कारण प्रुव्हेच्या कारखान्यात नेमकं हेच चालायचं. ड्रॉइंग काढणारा आणि वेल्डिंग करणारा एकाच छपराखाली. कल्पना सुचली की लगेच नमुना करायचा, मोडेपर्यंत तपासायचा, चुकलं तर ड्रॉइंग सुधारायचं. १९३९ साली पूर्ण झालेलं पॅरिसजवळच्या क्लिशीचं ‘मेझाँ द्यु पप्ल’, म्हणजे लोकांचं भवन, याच पद्धतीतून आलं. खाली बाजार, वर सभागृह, सरकणारी जमीन आणि उघडणारं छप्पर. त्याच्या भिंती वाकवलेल्या पत्र्याच्या पॅनेलच्या, भार न घेता नुसत्या टांगलेल्या. आज शहरात ज्या काचेच्या टांगत्या भिंती दिसतात त्यांच्या पूर्वजांपैकी ही एक.

दुसऱ्या महायुद्धात पोलाद मिळेना. वर्कशॉपने सायकली केल्या, मिळेल ते जळण चालेल अशा शेगड्या केल्या, खुर्च्या लाकडाच्या केल्या. प्रुव्हे जर्मनांविरुद्धच्या भूमिगत लढ्यात होता आणि १९४४ साली नाँसी मुक्त झाल्यावर काही काळ गावाचा महापौरही झाला. लोरेनमध्ये हजारो लोक बेघर होते. त्यांच्यासाठी त्याने सुटे भाग जोडून उभी राहणारी घरं केली, ६ बाय ६ मीटर आणि ८ बाय ८ मीटरची. थोड्या माणसांनी एका दिवसात उभं करावं आणि हवं तेव्हा उतरवून दुसरीकडे न्यावं. या काळात त्याच्याबरोबर पिएर जानरे काम करत होता. हाच जानरे पुढे चंडीगढच्या उभारणीसाठी भारतात येऊन राहिला.

१९४७ पासून माक्सेव्हिलला मोठा कारखाना सुरू झाला. तिथून १९४९ साली आफ्रिकेतल्या नियामेला आणि १९५१ साली ब्राझाव्हिलला अॅल्युमिनियमची घरं विमानाने गेली. गरम हवा निघून जावी म्हणून दुहेरी छप्पर, भिंतींना गोल काचेच्या खिडक्या. पण अशी घरं झाली फक्त तीन. भांडवलासाठी अॅल्युमिनियम उद्योग भागीदार झाला होता. त्याचा ताबा वाढला, ड्रॉइंग ऑफिस एकीकडे आणि वर्कशॉप दुसरीकडे अशी फारकत झाली, आणि १९५३ साली प्रुव्हे स्वतःच्याच कारखान्यातून बाहेर पडला. वय ५२. मशीन गेली, माणसं गेली. या धक्क्यातून तो पूर्ण सावरला नाही असं त्याच्याबद्दल लिहिणारे अनेक जण मानतात.

पण त्याने पुढच्याच वर्षी काय केलं ते मला सगळ्यांत आवडतं. नाँसीजवळच्या टेकडीच्या उतारावर एक जागा होती, घर बांधायला कुणी घेणार नाही अशी. १९५४ च्या उन्हाळ्यात प्रुव्हेने बायको-मुलं आणि मित्र यांना हाताशी घेऊन तिथे स्वतःचं घर उभं केलं. सामान कुठलं? बरचसं माक्सेव्हिलमध्ये उरलेलं. गोल भोकांची धातूची पॅनेलं, दारं, खिडक्या, जे शिल्लक होतं ते. घर लांबट आणि अरुंद, मागच्या बाजूला जवळपास २७ मीटर लांब कपाटांची ओळ. उरलेल्या सामानावरून प्लॅन ठरला. जतन केलेलं ते घर आजही तिथे आहे.

पुढे १९५६ साली बेघरांसाठी झटणाऱ्या आबे पिएर या धर्मगुरूसाठी त्याने असंच घर केलं. काही तासांत ते सीन नदीच्या काठी उभं राहिलं, पण सरकारी मंजुरी मिळाली नाही म्हणून मोजकीच बांधली गेली. १९५७ ते १९७० तो पॅरिसमध्ये शिकवत होता. फळ्यावर खडूने काढलेल्या त्याच्या आकृत्यांसाठी वर्ग भरायचा. डिग्री नसलेला माणूस इंजिनिअर शिकवत होता! १९७१ साली पाँपिदू सेंटरच्या ६८१ प्रवेशिकांतून रेन्झो पियानो आणि रिचर्ड रॉजर्स या तेव्हा फारसं नाव नसलेल्या तरुणांचं डिझाइन निवडलं गेलं, तेव्हा अध्यक्षाच्या खुर्चीत तो होता. २३ मार्च १९८४ ला तो नाँसीत गेला.

त्याच्या वस्तूंचं पुढे काय झालं? वसतिगृहं आणि शाळा पाडताना त्याच्या खुर्च्या, टेबलं आणि दारं भंगारात निघाली. नंतर जाणकारांनी ती शोधून काढली आणि किमती आभाळाला भिडल्या. ब्राझाव्हिलचं एक घर २००७ साली न्यूयॉर्कच्या लिलावात जवळपास ५० लाख डॉलरला गेलं. चंडीगढच्या खुर्च्यांचंही तसंच झालं. पोरांच्या हॉस्टेलसाठी आणि बेघरांसाठी केलेली वस्तू श्रीमंतांच्या दिवाणखान्यात जाऊन बसली. यावर त्याच्या वडिलांची ती चळवळ काय म्हणाली असती, कोण जाणे.

मित्रांनो, प्लेसमेंट झाल्यावर आपल्यातले बरेच जण स्क्रीनसमोर बसतील. आपण काढलेला भाग कुठल्या शहरात, कोण वेल्ड करतोय हे कळणारही नाही. म्हणजे माक्सेव्हिलला १९५३ साली जे झालं, तिथूनच आपली सुरुवात होणार. म्हणून हातात आहेत ती चार वर्षं वापरा. सबमिशनच्या धामधुमीत अर्धा तास काढा, वर्कशॉपमध्ये जा, मामांकडून पत्र्याचा एक तुकडा मागून घ्या. आधी तसाच हातावर वाकवून बघा. मग त्याला एक घडी घाला आणि परत वाकवून बघा.