वाळूत पुरलेली गाडी आणि तिचा इंजिनिअर

आपल्या मंचर भागात यात्रा म्हटली की बैलगाडा शर्यत आलीच. घाटात बारी सुटली की गाडा किती सेकंदांत वर गेला याची चर्चा मग दिवसभर. अर्ध्या सेकंदाने नंबर हुकतो! साधारण 100 वर्षांपूर्वी ब्रिटनमधल्या काही माणसांनाही सेकंदांनी असंच वेड लावलं होतं. त्यांच्या गाड्यांना बैल नव्हते, चक्क विमानाची इंजिनं होती. त्यातल्या एका इंजिनिअरची ही गोष्ट. मी कॉन्व्हेंटमध्ये शिकलेय, तेव्हा शुद्धलेखन सांभाळून घ्या!

जॉन गॉडफ्रे पॅरी-थॉमस यांचा जन्म 1884 साली वेल्समधल्या रेक्सहॅम इथे झाला. वडील चर्चमध्ये धर्मगुरू. थॉमस यांनी लंडनच्या सिटी अँड गिल्ड्स कॉलेजात इंजिनिअरिंग केलं आणि पुढे लेलँड कंपनीत ते चीफ इंजिनिअर झाले. (हो, अशोक लेलँडच्या ट्रकवर ज्यांचं नाव आहे तेच लेलँड.) तिथे त्यांनी लेलँड एट ही 8 सिलिंडरची आलिशान गाडी डिझाइन केली. गाडी उत्तम, पण इतकी महाग की 20 सुद्धा बनल्या नाहीत. थॉमस यांना मात्र तिच्यामुळे रेसिंगची चटक लागली. चांगली नोकरी सोडून ते ब्रुकलँड्सच्या रेस ट्रॅकच्या आवारातच राहायला गेले. तिथेच घर, तिथेच वर्कशॉप. लग्न केलं नाही. रंगीबेरंगी विणलेला स्वेटर घालून हा माणूस रेसला उतरायचा.

वेगाचा जागतिक रेकॉर्ड करायचा तर त्यासाठी खास गाडी हवी. नवी बनवायची तर पैसा पाहिजे, आणि थॉमस काही खानदानी श्रीमंत नव्हते. तेव्हा त्यांनी सेकंडहँड गाडी शोधली! काउंट लुई झ्बोरोव्स्की नावाच्या एका धनाढ्य रेसरने विमानाचं इंजिन बसवून हायम स्पेशल ही गाडी बनवली होती. 1924 मध्ये इटलीत मोंझाच्या रेसमध्ये काउंट वारले आणि गाडी तशीच राहिली. थॉमस यांनी ती अवघ्या 125 पौंडांना घेतली, जवळजवळ नव्याने बांधली आणि तिचं लाडाचं नाव ठेवलं, बॅब्ज.

आता विमानाचंच इंजिन का? पहिलं महायुद्ध 1918 ला संपलं आणि विमानांची इंजिनं ढिगाने शिल्लक पडली. कमी वजनात जास्त ताकद, आणि ती सुद्धा स्वस्तात. बॅब्जमध्ये लिबर्टी हे अमेरिकन व्ही-12 इंजिन होतं, 27 लिटरचं. मारुती 800 चं इंजिन 0.8 लिटरचं असतं. म्हणजे सुमारे 34 मारुत्या एकाच बॉनेटखाली! ताकद 400 हॉर्सपॉवरच्या वर. विमानाचा पंखा फार जास्त आरपीएमला नीट काम करत नाही, म्हणून अशी इंजिनं कमी आरपीएमलाच पूर्ण ताकद देतात. त्यामुळे टॉर्क प्रचंड. खरा प्रश्न तो टॉर्क चाकांपर्यंत न्यायचा. ते काम महायुद्धाआधीच्या एका बेन्झ रेसकारचा गिअरबॉक्स आणि मागच्या चाकांना फिरवणाऱ्या साखळ्या, अगदी सायकलसारख्या, करत होत्या.

वेल्सच्या किनाऱ्यावर पेंडाइन नावाची सुमारे 11 किलोमीटर लांब सपाट वाळू आहे. ओहोटी लागली की तोच रस्ता. रेकॉर्डसाठी एका दिशेने जाऊन भागत नाही, उलटही यावं लागतं आणि दोन्हींची सरासरी धरतात, म्हणजे वाऱ्याचा फायदा निघून जातो. एप्रिल 1926 पर्यंतचा रेकॉर्ड होता हेन्री सीग्रेव्ह यांचा, ताशी 245 किलोमीटर. 27 एप्रिलला थॉमस यांनी बॅब्जवर 272 गाठले आणि दुसऱ्याच दिवशी 275. सव्वाशे पौंडांची जुनी गाडी जगात सर्वांत वेगवान ठरली!

पण रेकॉर्ड कुणाचाच राहत नाही. फेब्रुवारी 1927 मध्ये याच पेंडाइनवर माल्कम कॅम्बेल यांनी 281 केले. त्यांच्या ब्लू बर्डमध्येही विमानाचंच इंजिन होतं. महिन्याभरात थॉमस बॅब्जला घेऊन परत आले. 3 मार्च 1927 रोजी भरधाव वेगात गाडी उलटली आणि थॉमस जागीच गेले. वय फक्त 42.

उजव्या बाजूची साखळी तुटून त्यांना लागली, असंच सगळे कितीतरी वर्षं मानत होते. मित्रांनी बॅब्जच्या सीट फाडल्या, मीटर फोडले आणि तिला तिथेच वाळूत पुरून टाकलं. पुन्हा कुणी ती चालवू नये म्हणून. आणि वाईट याचं वाटतं की त्या दिवशी रेकॉर्ड झाला असता तरी तो फार टिकला नसता. 26 दिवसांनी, 29 मार्चला, सीग्रेव्ह यांनी अमेरिकेत डेटोना बीचवर विमानाची दोन इंजिनं लावलेल्या सनबीममध्ये 327 पार केले.

गोष्ट इथे संपत नाही. 1969 मध्ये वेल्समधल्या बँगोरच्या टेक्निकल कॉलेजचे लेक्चरर ओवेन विन ओवेन यांनी परवानगी मिळवून बॅब्ज वाळूतून बाहेर काढली. 42 वर्षं वाळूत गंजलेली! अनेक वर्षं खपून त्यांनी ती दुरुस्त केली आणि ते इंजिन पुन्हा सुरू झालं. गाडी वर आल्यावर अपघाताचाही नव्याने विचार झाला. आधी मागच्या चाकाने दगा दिला असावा, साखळी नंतर तुटली असावी, असं आता बरेच जण मानतात. म्हणजे सरांनी गाडी उकरली नसती तर साखळीवरचा आरोप कायमचा राहिला असता.

थॉमस यांच्या हाताखाली शिकलेले रीड रेल्टन पुढे मोठे डिझायनर झाले. त्यांच्या गाडीने, विमानाच्या दोन इंजिनांवर, 1947 मध्ये ताशी 634 किलोमीटर गाठले.

आपण लॅबमध्ये काही मोडलं की गुपचूप कपाटाच्या मागे सरकवतो, हो ना? पुढच्या वेळी ते बाहेर काढून बघूया, नक्की कुठून तुटलं ते.