आंद्रेस सेगोव्हिया

आंद्रेस सेगोव्हिया (२१ फेब्रुवारी, इ.स. १८९३:लिनारेस, स्पेन - २ जून, इ.स. १९८७:माद्रिद, स्पेन) हे स्पॅनिश गिटारवादक होते. मैफलीतील एकल वाद्य म्हणून गिटारला जगभर प्रतिष्ठा मिळवून देणाऱ्या वादकांमध्ये त्यांचे स्थान अग्रगण्य मानले जाते.

सुरुवातीचे जीवन

सेगोव्हियांचा जन्म दक्षिण स्पेनमधील अंदालुसिया प्रांतात झाला. बालपणी त्यांचा सांभाळ काका-काकूंनी केला. त्या काळी या प्रांतात गिटार हे प्रामुख्याने फ्लामेंको गायन व नृत्याच्या साथीचे वाद्य होते. गंभीर संगीतासाठी ते अपुरे समजले जाई. सेगोव्हिया बहुतांशी स्वतःच्या प्रयत्नांनी वादन शिकले. इ.स. १९०९ मध्ये ग्रानादा येथे त्यांनी पहिला जाहीर कार्यक्रम केला.

वादनशैली

फ्लामेंको वादनात बोटे उलगडत सर्व तारांवर जोरकस आघात करतात (रास्गेआदो) आणि वाद्याच्या पृष्ठभागावर बोटाने ठोका देतात (गोल्पे). त्यासाठी सायप्रस लाकडाचे, हलके व तीक्ष्ण नादाचे गिटार वापरले जाते. सेगोव्हियांनी नख आणि बोटाचे टोक यांच्या एकत्रित स्पर्शातून गोलाईदार स्वर साधला. तार घोडीजवळ किंवा नादछिद्रावर छेडून ते स्वराचा रंग बदलत.

फ्लामेंकोच्या व्यावसायिक, चमत्कृतिपूर्ण एकल वादनावर त्यांनी टीका केली. मात्र अंदालुसियाच्या लोकसंगीताशी त्यांचे नाते तुटले नाही. इ.स. १९२२ मध्ये मान्वेल दे फाया व फेदेरिको गार्सिया लोर्का यांच्या पुढाकाराने ग्रानादा येथे झालेल्या पारंपरिक गायनाच्या स्पर्धेत त्यांचा सहभाग होता. होआकिन तुरिना यांनी त्यांना अर्पण केलेली 'फांदांगीयो' ही रचना फांदांगो या लोकप्रकारावर आधारित आहे. इसाक आल्बेनिस यांची 'आस्तुरियास' ही रचना मुळात पियानोसाठी असली, तरी तिच्यात गिटारच्या झंकाराचे अनुकरण आहे. सेगोव्हियांच्या वादनामुळे ती गिटारवर विशेष लोकप्रिय झाली.

लयीत मुक्तपणे घेतलेले चढउतार हा त्यांच्या वादनाचा विशेष होता. पुढील पिढीतील काही वादकांनी त्याला आक्षेप घेतला; अशा वादनात नृत्याचा मूळ ठेका हरवतो, असे त्यांचे मत होते. स्पॅनिश रचना वाजवताना सुस्वरता आणि ठेका यांचा तोल कसा राखावा, हा प्रश्न आजही गिटारवादकांसमोर असतो.

कारकीर्द व वारसा

इ.स. १९२४ मधील पॅरिस आणि इ.स. १९२८ मधील न्यू यॉर्क येथील कार्यक्रमांनी त्यांची कीर्ती जगभर पसरली. स्पॅनिश यादवी युद्धाच्या काळात त्यांनी देश सोडला व काही वर्षे मोंतेव्हिदेओ येथे वास्तव्य केले. दुसऱ्या महायुद्धानंतर आतड्यांच्या तारांऐवजी नायलॉनच्या तारा रूढ होण्यास त्यांच्या पाठिंब्याने मदत झाली. जॉन विल्यम्स व आलिरिओ दियास हे त्यांचे प्रसिद्ध शिष्य होत. इ.स. १९८१ मध्ये स्पेनच्या राजाने त्यांना सालोब्रेन्याचे मार्क्विस ही पदवी दिली.