डोळ्यांनी साथ सोडली, तेव्हा फळांच्या या चित्रकारानं पेस्टल हाती घेतले

चित्रकला शिकायला बसलं की समोर बहुतेक वेळा एखादं सफरचंद नाहीतर केळ्यांची फणी ठेवली जाते. फळांचं चित्र म्हणजे नवशिक्यांचा सराव, असा आपला समज. अठराव्या शतकातल्या फ्रान्समध्येही परिस्थिती फार वेगळी नव्हती. देवादिकांची आणि इतिहासातली दृश्यं रंगवणारा चित्रकार सर्वांत मोठा मानला जाई आणि फळं, भांडी, मासे रंगवणारा सर्वांत खालचा. या खालच्या पायरीवर उभं राहून ज्यानं मोठं नाव कमावलं, तो ज्याँ-सिमेआँ शार्दँ.

त्याचा जन्म २ नोव्हेंबर १६९९ रोजी पॅरिसमध्ये झाला. वडील सुतारकाम करत, राजासाठी बिलियर्डची टेबलं बनवत. १७२८ साली शार्दँनं आपली चित्रं रॉयल अकादमीपुढे ठेवली. त्यांत पोट फाडून टांगलेल्या पाकट माशाचं एक चित्र होतं. ते पाहून अकादमीनं त्याला त्याच दिवशी सदस्य करून घेतलं. मात्र नोंद झाली ती प्राणी आणि फळं रंगवणारा म्हणून.

शार्दँ अतिशय सावकाश काम करायचा. समोर मोजक्याच वस्तू मांडायच्या, मागची भिंत साधी तपकिरी ठेवायची आणि एका फळाचा रंग शेजारच्या फळावर, पेल्यावर कसा उतरतो ते टिपायचं, ही त्याची पद्धत. १७६१ च्या ‘रानटी स्ट्रॉबेरीची टोपली’ या चित्रात स्ट्रॉबेरींचा लालभडक ढीग, पाण्याचा पेला, दोन पांढरी फुलं, एक पीच आणि दोन चेरी, एवढंच आहे.

घरात मात्र दुःखं होती. पहिली पत्नी लग्नानंतर चारच वर्षांत, १७३५ साली गेली. दुसऱ्या लग्नातली मुलगी लहानपणीच दगावली. चित्रकार झालेला मुलगाही बापाच्या हयातीतच वारला.

सत्तरीत डोळेही साथ देईनात. तैलरंगांमधल्या शिशाचा आणि तेलाचा त्रास होऊ लागला. मग शार्दँनं ब्रश बाजूला ठेवला आणि पेस्टलच्या कांड्या उचलल्या. रंगाच्या भुकटीत थोडा डिंक मिसळून या कांड्या बनतात. त्यात तेल नसतं आणि रंग वाळायची वाट पाहावी लागत नाही.

फळांचा हा चित्रकार आता माणसांचे चेहरे काढू लागला. पण हात तोच होता. रंग बोटानं पुसून एकजीव करण्याऐवजी तो वेगवेगळ्या रंगांच्या रेघा शेजारी शेजारी ओढायचा. लांबून पाहिलं की त्या रेघांमधून जिवंत कातडी दिसू लागते. १७७१ आणि १७७५ ची त्याची पेस्टलमधली आत्मचित्रं लूव्ह्र संग्रहालयात आहेत. दोन्हींत नाकावर चष्मा आहे. दुसऱ्यात तर प्रकाशापासून डोळे वाचवायला कपाळावर झापडही लावलेली आहे. आपलं दुखणं त्यानं लपवलं नाही.

मुलांच्या दप्तरात असतात ते ऑइल पेस्टल मात्र वेगळे. रंगात तेल आणि मेण मिसळून केलेल्या या कांड्या जपानच्या साकुरा कंपनीनं १९२५ साली बाजारात आणल्या. तरीही शार्दँची युक्ती तिथेही चालते. संत्र्याची सावली काळ्या रंगानं भरण्याऐवजी पिवळ्या-नारिंगीशेजारी तांबड्या आणि जांभळ्या रेघा ओढल्या, की फळ गोल दिसू लागतं.

१७७९ च्या प्रदर्शनातही शार्दँची पेस्टल चित्रं होती. त्यातलं एक पंधराव्या लुईच्या मुलीला इतकं आवडलं, की तिनं त्याला सोन्याची डबी भेट दिली. त्याच वर्षी ६ डिसेंबरला, वयाच्या ऐंशीव्या वर्षी तो गेला.

स्ट्रॉबेरीची ती टोपली २०२२ साली लिलावात २ कोटी ४० लाख युरोंहून अधिक किमतीला विकली गेली. चित्र देशाबाहेर जाऊ नये म्हणून फ्रान्सनं ते राष्ट्रीय ठेवा ठरवून अडवलं. २०२४ मध्ये लूव्ह्रनं ते मिळवलं आणि त्यासाठी सामान्य लोकांनीही देणग्या दिल्या. सर्वांत खालच्या पायरीवरच्या फळांना देशानं दिलेली ही किंमत होती.