लाल गाणे, निळी पट्टी

मुंबईच्या झोपडपट्ट्यांत कष्टकऱ्यांची गाणी गाणारे शाहीर विलास घोगरे हे ‘आव्हान नाट्य मंचा’चे. आनंद पटवर्धन यांच्या १९८५ च्या ‘हमारा शहर’ या झोपडीवासीयांवरील माहितीपटात त्यांचे गाणे आहे.

११ जुलै १९९७ रोजी घाटकोपरच्या रमाबाई आंबेडकरनगरात डॉ. आंबेडकरांच्या पुतळ्याची विटंबना झाली. निषेधासाठी जमलेल्या दलित रहिवाशांवर राज्य राखीव पोलिसांनी गोळीबार केला. १० जण ठार झाले. घोगरे यांना तो घाव सोसवला नाही. चारच दिवसांनी मुलुंडच्या झोपडीत त्यांनी जीवनयात्रा संपविली. आयुष्यभर लाल बावट्याची गाणी गायलेल्या या दलित शाहिराच्या कपाळाला त्या दिवशी निळी पट्टी होती. चळवळीने या निळ्या रंगाचा अर्थ लावायला हवा होता. तो फारसा लावला गेला नाही.

त्यांच्या मृत्यूपासून पटवर्धनांनी सुरू केलेला ‘जय भीम कॉम्रेड’ पूर्ण व्हायला १४ वर्षे लागली.