रुस्तम जाल वकील

डॉ. रुस्तम जाल वकील (इ.स. १९११ - इ.स. १९७४) हे मुंबईतील ख्यातनाम हृदयरोगतज्ज्ञ, अध्यापक व वैद्यकीय ग्रंथकार होते. सर्पगंधा या भारतीय वनस्पतीचा उच्च रक्तदाबावर होणारा परिणाम त्यांनी शास्त्रीय पद्धतीने तपासला आणि तो जगाच्या निदर्शनास आणला. या कार्याबद्दल त्यांना इ.स. १९५७ मध्ये अमेरिकेतील लास्कर पुरस्कार मिळाला.

जीवन

वकील यांचा जन्म मुंबईत एका पारशी कुटुंबात झाला. वैद्यकीय शिक्षण लंडन येथे घेऊन ते मुंबईस परतले. परळच्या किंग एडवर्ड मेमोरियल (के.ई.एम.) रुग्णालयात काम करताना त्यांनी हृदयरोगांच्या अभ्यासास वाहून घेतले.

पार्श्वभूमी

रक्तदाब दीर्घकाळ वाढलेला राहिला, तर हृदयाच्या डाव्या जवनिकेला सतत अधिक जोर लावून रक्त ढकलावे लागते. प्रथम तिची भिंत जाड होते. पुढे स्नायू थकतो आणि हृदय शरीराची गरज भागवू शकत नाही. यालाच हृदयाची अकार्यक्षमता म्हणतात. झडपांचे विकार, हृदयाच्या स्नायूंना होणारा अपुरा रक्तपुरवठा व तीव्र रक्तक्षय हीदेखील तिची कारणे आहेत. डावी बाजू दुबळी झाली की रक्त फुफ्फुसांत तुंबते. त्यामुळे थोड्या श्रमानेही दम लागतो, आडवे पडताच श्वास कोंडतो आणि रुग्ण मध्यरात्री घुसमटून उठून बसतो. उजवी बाजू दुबळी झाली की मानेच्या शिरा फुगतात, यकृत वाढते व पावलांवर सूज येते. रक्ताभिसरणच ढासळू लागले, तर नाडी क्षीण होते, हातपाय गार पडतात व लघवी कमी होते.

इ.स. १९४० च्या दशकात उच्च रक्तदाबावर भरवशाचे औषध नव्हते. विश्रांती, मीठ कमी करणे, झोपेची औषधे आणि काही रुग्णांत मज्जातंतू कापण्याची शस्त्रक्रिया एवढेच उपाय होते. अमेरिकेचे अध्यक्ष फ्रँकलिन रूझवेल्ट यांच्यावरही उपचार झाले ते याच मर्यादेत. वाढलेल्या रक्तदाबाने त्यांचे हृदय दुबळे झाले होते आणि एप्रिल १९४५ मध्ये मेंदूतील रक्तस्रावाने त्यांचा मृत्यू झाला.

सर्पगंधेवरील संशोधन

सर्पगंधेचा उपयोग भारतात परंपरेने सर्पदंश, निद्रानाश व उन्माद यांवर होत असे. इ.स. १९३१ मध्ये गणनाथ सेन व कार्तिकचंद्र बोस यांनी तिच्या रक्तदाब उतरवणाऱ्या गुणाची नोंद केली होती, परंतु परदेशात तिकडे फारसे लक्ष गेले नाही. वकील यांनी उच्च रक्तदाबाच्या ५० रुग्णांवर तिच्या मुळीच्या गोळ्यांची चाचणी घेतली. बहुतेकांचा रक्तदाब उतरल्याचे आढळले. हा निबंध इ.स. १९४९ मध्ये 'ब्रिटिश हार्ट जर्नल'मध्ये प्रसिद्ध झाला.

त्यानंतर अमेरिकेतील बोस्टन येथे रॉबर्ट विल्किन्स यांनी या औषधाची चाचणी घेतली, तर इ.स. १९५२ मध्ये स्वित्झर्लंडमधील संशोधकांनी सर्पगंधेतील रेसरपिन हे द्रव्य वेगळे केले. काही रुग्णांना त्याने खिन्नता, मंद नाडी व नाक चोंदणे असे त्रास होत. पुढे अधिक सुरक्षित औषधे आल्यावर त्याचा वापर घटला. तथापि रक्तदाब औषधाने आटोक्यात ठेवता येतो, हा विश्वास रुजवण्यात त्याचा मोठा वाटा आहे.

ग्रंथलेखन व सन्मान

अस्पी गोलवाला यांच्यासह त्यांनी रुग्णाच्या शारीरिक तपासणीवर लिहिलेला ग्रंथ भारतातील वैद्यकीय विद्यार्थ्यांत दीर्घकाळ वापरात राहिला. भारतीय फिजिशियन संघटनेच्या वैद्यकशास्त्रावरील पाठ्यग्रंथाची पहिली आवृत्ती (इ.स. १९६९) त्यांनी संपादित केली. हृदयविकाराच्या झटक्याआधीच्या वेदनांवरही त्यांनी संशोधन केले. त्यांना इ.स. १९५८ मध्ये पद्मभूषण व इ.स. १९६५ मध्ये शांतिस्वरूप भटनागर पुरस्कार प्राप्त झाला.

वारसा

फुगलेली शीर, सुजलेले पाऊल व छातीतील आवाज पाहून-ऐकून रोग ओळखण्यास यंत्रे लागत नाहीत. बुलढाण्यासारख्या ग्रामीण जिल्ह्यांत, जेथे विशेषज्ञ दूर असतो, तेथे या विद्येचे मोल आजही टिकून आहे.